सोमवारची रांग



मी तंजावूरहून बोलतोय. मधेच घंटा ऐकू आली तर ती समोरच्या पिळ्ळैयार कोविलची, म्हणजे आमच्या गल्लीतल्या गणपतीची. तिला थांबवणं माझ्या हातात नाही. माझ्या मराठीला कुठे तमिळ वळण लागलं तर तेही सांभाळून घ्या. आमचं घराणं एकोजीराजांच्या मागोमाग इथं आलं असं घरात सांगतात, म्हणजे साडेतीनशे वर्षांच्या आसपास झाली. आम्ही घरात मराठीच बोलतो, पण माझे अप्पा मराठी पत्रसुद्धा तमिळ लिपीत लिहायचे. तुमची ही देवनागरी मराठी मी शिकलो खडकवासल्याला, सातारा-कोल्हापूरच्या पोरांची चेष्टा सहन करत.

आयोजकांनी विषय दिला तो असा: हुकूमशाही येऊन गेली की नंतरच्या लोकशाहीत माणसं सार्वजनिक कामात कशी भाग घेतात. मी म्हटलं, अहो, हा प्राध्यापकांचा विषय. मी चौतीस वर्षं फौजेत काढलेला माणूस. ते म्हणाले, कर्नलसाहेब, तुम्ही पाहिलंत तेवढं सांगा. तर पाहिलेलं सांगतो. त्यात माझी स्वतःची एक चूक येणार आहे. ती शेवटाकडे येईल, कारण आधी तिच्यामागचं सांगायला हवं.

दर सोमवारी सकाळी आमच्या कलेक्टर कचेरीत या. बाहेर झाडाखाली चार-पाच जण अर्ज लिहून देत बसलेले असतात. आत रांग. म्हातारपणाचं पेन्शन, पट्टा, म्हणजे जमिनीचा कागद, बांधावरून भांडण, रस्त्यावरचा दिवा. तमिळमध्ये अर्जाला ‘मनु’ म्हणतात. या दिवसाचं नाव ‘मक्कळ कुरैतीर्क्कुम नाळ’, लोकांच्या तक्रारी दूर करण्याचा दिवस. कलेक्टर स्वतः बसतात, अर्ज घेतात, त्याच्यावर शेरा मारतात, संबंधित अधिकाऱ्याला तिथंच विचारतात. कामं होतात, हे मी पाहिलंय. महाराष्ट्रातही कलेक्टर कचेरीत महिन्याच्या पहिल्या सोमवारी अशीच रांग लागते. तिथं त्याला ‘लोकशाही दिन’ म्हणतात.

शेजारच्या तिरुवारूरची मनुनीति चोळ राजाची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. राजवाड्याच्या दाराशी घंटा टांगलेली, कुणावर अन्याय झाला तर ती वाजवायची. राजपुत्राच्या रथाखाली एक वासरू सापडलं. गाईनं येऊन घंटा वाजवली. राजानं आपल्या मुलाला तसंच रथाखाली दिलं. मद्रास हायकोर्टाच्या आवारात या राजाचा पुतळा आहे, आणि सरकारच्या तक्रारनिवारणाच्या एका उपक्रमाला त्याचंच नाव आहे. लहानपणी ही गोष्ट ऐकून माझ्या अंगावर काटा यायचा. आता ऐकतो तेव्हा दुसरंच मनात येतं. गाईनं घंटा वाजवली, राजानं न्याय दिला. पण गावकरी एकत्र बसले आणि या रस्त्यानं रथ भरधाव न्यायचे नाहीत असं त्यांनी ठरवलं, असं त्या गोष्टीत कुठेच नाही.

बरं. आता मागे जातो.

मी १९५९ चा. आमच्या गल्लीच्या तोंडाशी द्रमुकचं एक पडिप्पगम होतं. पडिप्पगम म्हणजे वाचनालय. एक खोली, दोन बाकं, एक लांब टेबल, त्यावर वर्तमानपत्रं, दाराशी काळा-लाल झेंडा. तमिळनाडूतल्या गावागावांत अशी पडिप्पगमं होती. एक जण मोठ्यानं वाचायचा आणि न शिकलेले पाच-दहा जण ऐकायचे, मग वाद घालायचे. हातरिक्षावाला, शिंपी, न्हावी, गिरणीतला हमाल. कावेरीचं पाणी, भाताचा भाव, नगरपालिकेचा नळ, हिंदी, देव आहे की नाही, सगळ्यावर वाद. आम्ही ब्राह्मणाघरची मराठी मुलं, आम्हाला तिथं जायला घरून मनाई होती. म्हणूनच मी जायचो. वर्तमानपत्र वाचायला मी तिथं शिकलो.

२५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी आली. तिला हुकूमशाही म्हणावं की नाही यावर अजून लोक वाद घालतात, तो घालू द्या. शाह आयोगाच्या अहवालात आकडे आहेत: मिसाखाली ३४,९८८ आणि भारत संरक्षण नियमांखाली ७५,८१८ माणसं धरली. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर. निवडणूक पुढे ढकललेली. एप्रिल १९७६ मध्ये सुप्रीम कोर्टानंही सांगितलं की या काळात बेकायदा कैदेविरुद्ध दाद मागता येणार नाही. पाचांपैकी एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना विरोधात उभे राहिले. मला एवढं पुरे आहे.

पण तमिळनाडूत सुरुवातीचे सात महिने हे सगळं लांबून यायचं. इथं करुणानिधींचं सरकार होतं आणि ते आणीबाणीच्या विरोधात होतं. १९७६ च्या जानेवारीत मी एनडीएत दाखल झालो, आणि त्याच महिन्याच्या ३१ तारखेला ते सरकार बरखास्त झालं. मग इथंही धरपकड झाली. मद्रासच्या सेंट्रल जेलमध्ये मिसाच्या कैद्यांना मारहाण झाली. त्यात पुढे मुख्यमंत्री झालेले स्टॅलिन होते, त्यांचं वय तेव्हा तेवीसच्या आत. मद्रासचे माजी महापौर चिट्टिबाबू त्यानंतर वाचले नाहीत. पुढे न्यायमूर्ती इस्माईल आयोगानं या मारहाणीची चौकशी केली.

सेन्सॉरमुळे अटकेच्या बातम्या छापता येत नव्हत्या. ३ फेब्रुवारीला अण्णादुराईंची पुण्यतिथी होती. करुणानिधींनी ‘मुरसोली’त एक यादी छापली: अण्णांच्या समाधीवर फुलं वाहायला येऊ न शकलेल्यांची नावं. वाचणारे काय समजायचं ते समजले. महाराष्ट्रात त्याच सुमाराला, म्हणजे १९७५ च्या डिसेंबरात, कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवत अध्यक्षपदावरून जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला सांगून बसल्या होत्या, व्यासपीठावर केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण असताना. हे मला फार नंतर कळलं. आम्हा कॅडेटांना तेव्हा काहीच कळत नव्हतं. खडकवासल्यापासून येरवडा जेल वीस-पंचवीस किलोमीटर, आत किती जण बसलेत याचा आम्हाला पत्ता नव्हता. पहाटे पी.टी., मग ड्रिल, मग वर्ग, मग झोप. पुणे स्टेशनावर पाटी होती, ‘बातें कम, काम ज़्यादा’. आमच्या दिनक्रमाला ती इतकी फिट बसायची की ती आमच्यासाठीच लावली आहे असं वाटायचं.

जूनमध्ये पहिल्या सुट्टीत घरी आलो. पडिप्पगमला कुलूप होतं. झेंड्याचा खांब तसाच होता, झेंडा नव्हता. टेबल आणि बाकं कुणी नेली ते कुणी विचारत नव्हतं. मी अप्पांना विचारलं. अप्पा एका सरकारी कचेरीत हेड क्लार्क होते. ते म्हणाले, “बरं झालं. गोंगाट गेला. आता कचेरीत सगळे दहाच्या ठोक्याला येतात. राज्यपालांचे सल्लागार आहेत ना, फाईल अडत नाही.” अप्पा वाईट माणूस नव्हते हो. आयुष्यभर त्यांनी एक पैसा खाल्ला नाही. उशिरा येणाऱ्यांचं काम त्यांनी वीस वर्षं उपसलं होतं, आणि आता पहिल्यांदाच कुणीतरी त्या लोकांना वेळेवर आणलं होतं. मला त्यांचं पटलं. सतरा वर्षांचा कॅडेट, केस बारीक कापलेले, बूट चकचकीत. मला तर फारच पटलं.

मार्च १९७७ ची निवडणूक. उत्तर प्रदेशात काँग्रेसला ८५ पैकी एकही जागा नाही, बिहारमध्ये ५४ पैकी एकही नाही. महाराष्ट्रात ४८ पैकी २०. देशभरात मिळून १५४, आणि त्यातल्या ९२ आम्हा दक्षिणेतल्या चार राज्यांतून. तमिळनाडूत ३९ पैकी ३४ जागा काँग्रेस आणि एमजीआर यांच्या आघाडीला मिळाल्या. म्हणजे ज्या पक्षानं आणीबाणीला उघड विरोध केला, ज्याची माणसं जेलमध्ये मार खात होती, तो पक्ष इथं साफ पडला.

याची कारणं सांगतात ती खरी आहेत. सक्तीच्या नसबंदीचा जो कहर उत्तरेत झाला तसा इथं झाला नाही. द्रमुकवर भ्रष्टाचाराचे आरोप होते, एमजीआर लोकप्रिय होते. पण माझ्या अप्पांचं कारण या कुठल्याच यादीत नसतं. इथल्या मध्यमवर्गाला त्या चौदा-पंधरा महिन्यांत राजकारणाशिवाय चालणारा कारभार दिसला आणि तो आवडला.

आमच्या तंजावूरचा तर याहून मासलेवाईक किस्सा आहे. १९७९ साली इथं लोकसभेची पोटनिवडणूक लागली. इंदिराबाईंना लोकसभेतून काढलं होतं, त्यांना सुरक्षित जागा हवी होती, आणि ज्या गावांची नावं निघाली त्यात तंजावूर होतं. एमजीआर आधी पाठिंब्याला तयार होते, मग दिल्लीच्या सरकारला दुखवायला नको म्हणून मागे सरले, आणि त्या काही आल्या नाहीत. मी तेव्हा डेहराडूनला आयएमएत. सुट्टीवर आलो तर टपरीवर हीच चर्चा. ज्यांच्या पडिप्पगमला कुलूप लागलं होतं त्यातला एक शिंपी मला म्हणाला, “तंबी, त्या उभ्या राहिल्या असत्या तर निवडून आल्या असत्या.” त्याच्या आवाजात राग नव्हता. द्रमुकनं काँग्रेसशी युती केली आणि पुढच्याच वर्षी दोघांनी मिळून तमिळनाडूतल्या जवळजवळ सगळ्या जागा जिंकल्या. त्या फेब्रुवारीत एमजीआर यांचं सरकार बरखास्त झालं, महाराष्ट्रातलं शरद पवारांचंही त्याच दिवशी. राजकारण्यांना मी दोष देत नाही. त्यांना युत्या कराव्याच लागतात. माझं लक्ष होतं त्या शिंप्याकडे. पडिप्पगम परत उघडलं होतं, पण तो आता तिथं बसत नव्हता. मशीन सोडून जायला वेळ मिळत नाही, म्हणाला.

डिसेंबर १९७९ मध्ये मी कमिशन घेतलं, राज्यघटनेची शपथ घेतली. ४४ वी दुरुस्ती झाली होती. ‘अंतर्गत अशांतता’ या शब्दांच्या जागी ‘सशस्त्र उठाव’ आलं होतं, आणि जगण्याचा हक्क आणीबाणीतही काढून घेता येणार नाही असं लिहिलं गेलं होतं. ही फार मोठी गोष्ट झाली. दिल्लीच्या दाराला चांगलं कुलूप बसलं. घरातल्या बाकीच्या दारांचं काय झालं, ते आता सांगतो, कारण त्याबद्दल कुणी बोलत नाही.

तमिळनाडूत ग्रामपंचायतींच्या निवडणुका १९७० मध्ये झाल्या. त्यानंतरच्या कधी झाल्या असतील? १९८६ मध्ये. त्यानंतर १९९६. मद्रास महापालिका तर आणीबाणीच्याही आधी, १९७३ मध्ये बरखास्त झाली, निवडून आलेल्या सरकारनंच केली, आणि तिथं पुढची निवडणूक व्हायला १९९६ उजाडलं. तेवीस वर्षं. तेव्हा लोकांनी थेट निवडून दिलेले महापौर कोण, तर मिसात मार खाल्लेले तेच स्टॅलिन. मधल्या काळात कारभार कुणाकडे? ‘तनि अधिकारी’, म्हणजे स्पेशल ऑफिसर. तुमच्याकडे ज्याला प्रशासक म्हणतात तो.

म्हणजे बघा, १९७७ मध्ये देशात लोकशाही परत आली असं आपण म्हणतो, आणि खरंच आली. पण माझ्या आजोळच्या गावात, पापनाशमजवळ, पंचायतीच्या खुर्चीत १९८६ पर्यंत अधिकारीच बसलेला होता. तिथला माणूस मुख्यमंत्री बदलू शकत होता, पंतप्रधान बदलू शकत होता. गावचं तळं उपसायचं की नाही हे मात्र त्याला अर्ज करून विचारावं लागत होतं. आणि हे काही जुनं झालेलं नाही. २०१६ मध्ये इथल्या पंचायतींची मुदत संपली, ग्रामीण निवडणुका सुरू झाल्या २०१९ च्या डिसेंबरात, आणि आमच्या तंजावूर महापालिकेची झाली २०२२ च्या फेब्रुवारीत. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, तिथं पुढे जवळजवळ चार वर्षं प्रशासक होता. किती मोर्चे निघाले त्यासाठी? खड्ड्यांसाठी निघाले असतील.

वेलिंग्टनला स्टाफ कॉलेजात असताना लायब्ररीत एक पुस्तक हाती लागलं होतं, आल्मंड आणि व्हर्बा या दोघांचं ‘द सिव्हिक कल्चर’, १९६३ चं. मी ते घेतलं परीक्षेसाठी, पण त्यातलं जर्मनीचं प्रकरण डोक्यात राहिलं. हिटलर जाऊन चौदा वर्षं झाली होती तेव्हा त्यांनी पश्चिम जर्मनीत माणसांना प्रश्न विचारले. मतदान भरपूर, वर्तमानपत्र वाचणारे भरपूर, राजकारणाची माहिती भरपूर. पण शेजाऱ्यांना जमवून एखादी गोष्ट बदलता येईल हा भरवसा कमी, आणि कचेरीतला अधिकारी आपल्याला नीट वागवेल हा भरवसा त्या मानानं जास्त. मत देणं हेही त्यांना कर्तव्य वाटायचं, वेळेवर कर भरण्यासारखं. मी तेव्हा समासात पेन्सिलीनं लिहिलं होतं, “मग यात वाईट काय?” लायब्ररीच्या पुस्तकात लिहू नये, पण लिहिलं.

आता एक गोष्ट कबूल केली पाहिजे. अर्जाची रांग काही आणीबाणीनं आणलेली नाही. ती राजांच्या काळापासून आहे, कंपनीच्या कलेक्टरनं ती पुढे चालवली. आणि नुसत्या पंचायती असल्या म्हणजे झालं असंही नाही. पलीकडे पाकिस्तानात जनरल अयूब खान यांनी १९५९ मध्ये ‘बेसिक डेमॉक्रसीज’ काढल्या, ८०,००० सदस्य खालून निवडून आणले, आणि त्यांच्याचकडून स्वतःला राष्ट्राध्यक्ष म्हणून शिक्कामोर्तब करून घेतलं. लष्करी माणसाला गटारांपुरती लोकशाही फार सोयीची वाटते, हे मी आतल्या गोटातला म्हणून सांगतो. आणीबाणीनं आमच्या इथं केलं ते एवढंच: जिथं माणसं एकमेकांशी बोलायची ती खोली बंद केली आणि जिथं माणसं एकेकटी अर्ज घेऊन जायची ती खिडकी चांगली चालवून दाखवली. खोली पुन्हा उघडली तोवर लोकांना खिडकीची सवय झाली होती.

आता माझं.

२०१३ मध्ये निवृत्त होऊन मी इथं आलो. मेडिकल कॉलेज रस्त्याच्या पलीकडे एका नव्या नगरात घर बांधलं. २४ एप्रिल २०१४ ला मी आयुष्यात पहिल्यांदा मतदान केंद्रावर रांगेत उभा राहून मत दिलं, वयाच्या ५५ व्या वर्षी. तोवर फौजेतलं पोस्टल मतपत्रिकेचं प्रकरण, ते कधी वेळेवर आलं, कधी नाही. त्याच वर्षी आमच्या नगराच्या नलसंगमचे, म्हणजे रहिवासी संघाचे लोक घरी आले. “सर, तुम्हीच अध्यक्ष व्हा. तुम्ही मिलिटरीतले, तुमचं कोणी ऐकेल.” बिनविरोध झालो. निवडणूक झालीच नाही.

मी काम केलं, हे सांगायला लाजत नाही. सहा महिन्यांत नगरातले सगळे दिवे लागले. कचऱ्याची गाडी रोज सातला. वर्गणी शंभर टक्के. २०१६ मध्ये मी रस्त्याच्या कडेनं पावसाच्या पाण्याचं गटार करून घेतलं, उतार स्वतः मोजला, कंत्राटदाराच्या डोक्यावर उभा राहिलो. नोव्हेंबर २०१८ मध्ये गजा वादळ आलं तेव्हा आमच्या नगरातून ओरत्तनाड आणि पट्टुकोट्टैकडे चार ट्रक सामान गेलं, तेही दोन दिवसांत. तिकडे नारळाच्या बागाच्या बागा आडव्या झाल्या होत्या. वीस पोरं माझ्या हाताखाली होती, प्रत्येकाला काम नेमून दिलेलं. लोक म्हणायचे, सर आहेत म्हणून.

वार्षिक सभा? पहिल्या वर्षी घेतली. तीन तास तेच तेच बोलणं, एकाला गेटचा रंग हवा हिरवा, दुसऱ्याला निळा. मला कळेना यात काय ठरतंय. दुसऱ्या वर्षापासून मी वही घरोघर फिरवायला लावली. ठराव आधीच लिहिलेले, लोक सही करायचे. कुणाचीही तक्रार नव्हती. उलट सगळे सुटले म्हणायचे.

डिसेंबर २०२० च्या पहिल्या आठवड्यात बुरेवी वादळाचा पाऊस झाला. दोन दिवस धो धो. माझं गटार उत्तम चाललं. नगरात घोटाभरही पाणी नाही. मी रेनकोट घालून पाहणी करत होतो, मनातून खूश. मागच्या बाजूला एक बोळ आहे, भाड्याच्या खोल्यांचा. भाडेकरू आमच्या संघाचे सभासद नाहीत. नियमच तसा होता, घरमालकच सभासद. त्या बोळातल्या अकरा घरांत पाणी शिरलं होतं. गटाराचं तोंड मी तिकडे सोडलं होतं. तिथून पुढे पाणी कालव्याला जाईल असा माझा हिशेब, नकाशावर तसंच होतं. पण मध्ये कुणीतरी भराव घातला होता, तो माझ्या नकाशात नव्हता.

एक बाई दारात उभी होती. ब्लाउज शिवते, मशीन पलंगावर चढवून ठेवलेलं, खाली कापडाचे गठ्ठे भिजलेले. गिऱ्हाइकांची कापडं होती ती, पोंगलच्या आधीची. मी म्हटलं, कलेक्टर कचेरीत अर्ज करू, नुकसानभरपाईचा, मी स्वतः घेऊन जातो. ती म्हणाली, “सर, पाणी कुठे तुंबतं ते आम्हाला माहीत होतं. गटार खणत होते तेव्हाच माहीत होतं. तुम्ही विचारलं नाही.”

मी तिला विचारलं, मग तुम्ही येऊन सांगितलं का नाही? ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “कुठे येऊन?”

मित्रहो, मी सियाचिनच्या पायथ्याशी होतो, काश्मीरमध्ये होतो. पण त्या दिवशी त्या बोळातून घरी यायला मला जेवढा वेळ लागला तेवढा कधी लागला नसेल. तिचं बरोबर होतं. येण्याची जागा मीच बंद केली होती. माझ्या वहीनं. त्याला कुलूपही लागलं नाही, झेंडाही उतरवावा लागला नाही, सगळ्यांनी आनंदानं सह्या केल्या. आणि मला अप्पा आठवले, “बरं झालं, गोंगाट गेला” म्हणणारे. तो गोंगाट असता तर २०१६ सालीच कुणीतरी म्हणालं असतं, ओ कर्नल, तिकडे पाणी सोडू नका. सभेत दोन तास जास्त गेले असते.

गठ्ठ्यांचे पैसे मी दिले. तिनं अर्धेच घेतले. २०२१ मध्ये अध्यक्षपद सोडलं. लोक नाराज झाले. तीन महिने कुणी पुढे आलं नाही, कचऱ्याची गाडी नऊला यायला लागली. काही जण मला म्हणाले, सर, एवढं चांगलं चाललं होतं. हे ऐकायला फार गोड लागतं. दोनदा मी परत जायला निघालो होतो, बायकोनं अडवलं.

२०२२ च्या फेब्रुवारीत महापालिकेची निवडणूक झाली, वॉर्डाला नगरसेवक मिळाला. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला तमिळनाडूच्या शहरांत पहिल्यांदा ‘एरिया सभा’ झाल्या, गावात ग्रामसभा असते तशा. मी नगरात घरोघर फिरलो, चला म्हटलं. उत्तर एकच: “सर, तुम्हीच जाऊन सांगा ना आमच्या वतीनं.” एका निवृत्त प्राचार्यांनी तर नीट टाईप केलेला अर्ज माझ्या हातात दिला, सभेत द्यायला. अर्ज! मी एकटाच गेलो, आणि बोळातून चार जण आले होते. ती बाईही.

तेव्हापासून आमच्या संघाची सभा दर तीन महिन्यांनी होते, पिळ्ळैयार कोविलच्या मंडपात. भाडेकरूंना बसायची, बोलायची परवानगी आहे. मताचा अधिकार द्यायचा की नाही यावर चार सभा झाल्या, अजून ठरलेलं नाही. एक मालक म्हणतो, वर्गणी भरतील त्यांनाच मत. एक म्हणतो, भाडेकरू आज आहे, उद्या नाही. बाई म्हणते, मी एकोणीस वर्षं इथं राहते, तुम्ही किती? त्यावर उत्तर नाही, म्हणून दुसरा मुद्दा निघतो. गटाराचं तोंड अजून तिथंच आहे. भराव काढायचा की नवी पाइप टाकायची, दोन पक्ष पडलेत. मी असतो तर पंधरा दिवसांत संपवलं असतं. हे माझ्या तोंडून अजून निघतं, आणि दर वेळी कुणीतरी हसतं.

येत्या सोमवारी तंजावूरच्या कचेरीत रांग लागेल. मी कुणाला जाऊ नका म्हणत नाही. मीच दोन म्हाताऱ्यांना पेन्शनच्या अर्जासाठी घेऊन जाणार आहे. त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, संध्याकाळी पाचला आमची सभा आहे. मागच्या वेळी २६ माणसं होती, खुर्च्या १४. या वेळी खुर्च्या आणायचं काम माझ्याकडे दिलंय, आणि नव्या सेक्रेटरीनं, तो पंचविशीतला पोरगा आहे, मला बजावलंय की कर्नल अंकल, खुर्च्या रांगेत लावायच्या नाहीत, गोल लावायच्या.

चला, घंटा झाली.